माझा नवरा प्रोग्रामर झाला तेव्हा

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की अमेर्सूदाने झाकून ठेवलं. ते मी दाबलं. सात वेळा दाबलं, मोजून. माझ्या नवऱ्याचा त्यात काडीचाही हात नाही. तो तेव्हा आतल्या खोलीत दुपारचा झोपला होता आणि घोरत होता.

ऑगस्ट संपत आला होता. माझ्या नवऱ्याचा, स्त्रातिसचा, फोन म्हणजे आमच्या भाच्याने वापरून कंटाळा आल्यावर दिलेला. तो इतका हळू झाला होता की हवामान बघायला उघडावा, तर उघडेपर्यंत वारा बदललेला असायचा. स्त्रातिस त्याला बंदरातल्या शिव्या घालायचा. फोन चार्ज व्हायचा माझ्या स्वयंपाकघरात, म्हणजे त्या ऐकायच्या मी. शेवटी मी मारिआन्थीपाशी रडगाणं गायलं. ही मारिआन्थी आमच्या बंदरातल्या बायकांचे केस कापते आणि कापता कापता सगळ्यांच्या घरातलं काढून घेते. ती म्हणाली, त्यात काय एवढं, प्रत्येक फोनमध्ये एक चोरकप्पा असतो, तो उघडायचा आणि दोन-चार गोष्टी फिरवायच्या, की फोन घोड्यासारखा पळतो. तिने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं. माझे केस रंगात भिजलेले असतानाच तिने मला कागदावर लिहून दिलं: सेटिंगमध्ये जा, 'फोनविषयी' उघड, अगदी खाली आकड्यांची एक ओळ आहे, तिच्यावर सात वेळा बोट मार.

घरी येऊन मी तसं केलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला खाली अक्षरं उमटली: तुम्ही प्रोग्रामर होण्यापासून आता तीन पायऱ्या दूर आहात. मला कुठे व्हायचं होतं? पण इतकं चढून आल्यावर तीन पायऱ्यांसाठी कोण परत फिरतं. मारलं बोट. आणि मग आलं: तुम्ही आता प्रोग्रामर झाला आहात.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. तुम्ही हसाल, पण आमच्या देशात काहीही उगाच होत नाही. इथे प्रत्येक गोष्टीला एक नंबर असतो, प्रत्येक नंबराला एक कोड, आणि प्रत्येक कोडाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी कचेरीत एक माणूस बसलेला असतो. स्त्रातिसला जहाजावरच्या बावीस वर्षांचं पेन्शन मिळतं. पेन्शनवाला दुसरा कसला धंदा करतो असं दिसलं की पेन्शनला कात्री लागते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या इग्नातिसने खानावळीत चार दिवस मासे काय साफ केले, सहा महिने बिचारा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. मासेमारीचा परवाना स्त्रातिसने पेन्शनच्या कागदावर रीतसर दाखवलेला होता. पण प्रोग्रामर? तो कुठे दाखवला होता? आणि फोन तर त्याच्या नावावर.

मी क्रूस काढला छातीवर. मग म्हटलं, आता उघडलाच आहे कप्पा तर काम करूनच बंद करू. कागदावर लिहिल्याप्रमाणे पडद्यावरच्या हालचाली कमी केल्या. खाली मोठीच्या मोठी यादी होती, तिच्यातलं मला एक अक्षर कळेना. एकच ओळ कळली, किंवा मला वाटलं कळली: चालू कामं राखू नका, माणूस बाहेर पडताच प्रत्येक काम लगेच नष्ट करा. मला ती आवडली, खरंच आवडली. मी टेबलावरचं ताट रिकामं झालं की लगेच उचलणारी बाई आहे. म्हटलं, ह्या फोनमध्ये पसारा साठला असेल, म्हणूनच तो धापा टाकतो. केलं चालू.

कप्पा पुन्हा बंद कसा करायचा ते मात्र मारिआन्थीने लिहिलं नव्हतं. आणि स्त्रातिस उठला होता.

फोन पळायला लागला, हे खोटं नाही. स्त्रातिस खूश झाला, म्हणाला, पोराने चांगला दिलाय की. मी तोंडात मूग धरून बसले. आता वाटतं, तेव्हाच बोलले असते तर? पण चोराच्या मनात चांदणं. पोस्टमनची मोटरसायकल गल्लीत वाजली की मी दाराची कडी लावून घ्यायचे.

सप्टेंबरात स्त्रातिस गप्प व्हायला लागला. तसा तो बोलका कधीच नव्हता, पण ही गप्पगिरी वेगळी होती. एके दिवशी मी मिरच्या भाजत होते आणि तो फोनवर सोंगट्या खेळत होता. मध्येच वारा बघायला गेला आणि परत खेळाकडे आला. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसला आणि मला विचारलं, मी आत्ता खेळत होतो ना? माझे हात मिरच्यांनी भाजले होते. मी म्हटलं, तू दुसरं करतोस काय दिवसभर. त्याने मान खाली घातली. असं दोनदा झालं, चारदा झालं. बँकेचं काही करायला बसायचा. बँक मेसेजने कोड पाठवायची, तो वाचून परत यायचा, आणि मग डोळे बारीक करून बोट हवेत धरून तसाच थांबायचा. मला वाटायचं चष्मा बदलायला झालाय. नंतर त्याने कानामागे पेन्सिल ठेवायला सुरुवात केली. सिगरेटच्या पाकिटांवर काहीतरी लिहायचा आणि मी आले की खिशात घालायचा.

आता चाळीस वर्षं संसार केलेली बाई काय समजेल? मी समजले की बाई आहे. पलीकडे कालोनी गावात एक विधवा आहे, तिची सार्डिन खारवण्याची शेड आहे, तिच्याविषयी लोक बोलतात. मी त्याचे सदरे हुंगले. मासळी, डिझेल, तंबाखू. ह्या वासावर भाळणारी बाई मीच एक मूर्ख, दुसरी कुठून मिळणार. तरी एकदा विचारलं, कुठे जातोस रे मंगळवारी? म्हणाला, मान्तामादोसला, काम आहे. कसलं, ते सांगेना. माझं डोकंच चालेना. आधी फोन, मग प्रोग्रामर, आता विधवा.

आणि ऑक्टोबरात ते पत्र आलं. सरकारी लिफाफा, निळा शिक्का, स्त्रातिसच्या नावाचा. तो समुद्रावर होता. पोस्टमनने माझ्या हातात दिला आणि मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, आलं. पेन्शन गेलं. त्यांना कळलं. लिफाफा उघडायचा धीर होईना. मी तो देव्हाऱ्यातल्या तक्सियार्खिसच्या तसबिरीमागे सरकवला. म्हटलं, देवदूता, आता तू बघ. पुढच्या आठवड्यात स्त्रातिसने दोनदा विचारलं, माझं काही पत्र आलं का. मी दोनदा सांगितलं, नाही.

आठ नोव्हेंबर म्हणजे तक्सियार्खिसचा सण. आमच्याकडे घरटी एक स्त्रातिस असतो, त्या सगळ्यांचा हा नावाचा दिवस. वाढदिवस विसरलात तर चालतो, पण नावाच्या दिवशी फोन केला नाही तर माणसं वर्षभर तोंड फिरवतात. माझ्या नवऱ्याच्या यादीत सात स्त्रातिस आहेत. त्या दिवशी सकाळी चर्चमधून येऊन तो खिडकीपाशी बसला, फोन आणि पेन्सिल घेऊन. प्रत्येकाला दोन ओळी लिहायच्या आणि सोबत तक्सियार्खिसचा फोटो जोडायचा, ही त्याची पद्धत. मी बदामाची मिठाई बशीत लावत होते. तो लिहायचा, फोटो घ्यायला जायचा, परत यायचा, थांबायचा. पुन्हा लिहायचा. कुणाचं झालं त्याची यादीही त्याने फोनमध्येच करायला घेतली होती. थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम दिसला. नोव्हेंबरात.

नंतर कळलं ते असं: गुरांच्या डॉक्टर स्त्रातिसला तीन वेळा शुभेच्छा गेल्या, आणि बेकरीवाल्या स्त्रातिसला एकदाही नाही. बेकरीवाला आमचा कुंबारोस. आमच्या लग्नात आमच्या डोक्यावरचे मुकुट त्याने बदललेले, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. दुपारी तो स्वतः आला. टोपी न काढता बसला, मिठाई खाल्ली, ऊझो दारूचा पेला अर्धाच पिऊन ठेवला आणि म्हणाला की डॉक्टरला तीन फोटो मिळाले म्हणे, त्यातला एक मला दिला असता तरी चाललं असतं. तो चेष्टेतच बोलला, पण त्याला लागलं होतं. स्त्रातिसचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, अरे, मी तुलाच सगळ्यात आधी पाठवला. कुंबारोसने आपला फोन त्याच्यापुढे धरला. त्यात काही नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी पेले गोळा करत होते. स्त्रातिस म्हणाला, "ते राहू दे. बस इथे."

मी बसले. मला वाटलं, आता विधवेचं नाव घेतो.

"अमेर्सूदा, माझं डोकं चाललंय."

"कुठे चाललंय?" मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही.

तो हसला नाही. मग त्याने सगळं सांगितलं. सोंगट्यांचा डाव अर्धा खेळलेला असतो, वळून बघतो तर पहिल्यापासून मांडलेला. बँकेत शिरतो, कोड बघून येतो, तर आपण शिरलोच नव्हतो. यादी लिहितो आणि यादी नसते. "मी लिहिलेलं मला आठवतं, अमेर्सूदा, पण ते कुठेच नसतं. म्हणजे मी लिहिलेलंच नसतं. नसलेलं आठवायला लागलं की काय म्हणतात ते तुला माहीत आहे." आणि पत्राचं. पोस्टमन शपथेवर सांगतो की घरी दिलं. "म्हणजे मीच कुठेतरी ठेवलं. घर पालथं घातलं मी. सापडत नाही."

माझ्या मागे तीन हातांवर ते पत्र होतं. मी तिकडे वळूनही बघितलं नाही. ह्याची मला आजही लाज वाटते. त्याने सांगितलेल्या पुराव्यांतला एक तरी खोटा आहे हे मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. कारण पत्र काढलं तर पेन्शनचं निघणार, पेन्शनचं निघालं तर प्रोग्रामरचं निघणार. मला वाटलं, आज त्याला हे आणखी नको. खरं म्हणजे मला नको होतं.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. सरकारची एक योजना आहे: परवाना परत करायचा, लाकडी बोट फोडू द्यायची, आणि मोबदला घ्यायचा. त्याने सप्टेंबरातच अर्ज केला होता, ह्यासाठीच तो मंगळवारी मान्तामादोसला जायचा. गुरुवारी मशीन येणार होतं.

"पेलागिया फोडणार?" मी म्हटलं.

"काका प्रोकोपिस आठवतो ना तुला? जाळं कुठे टाकलं ते विसरला आणि शोधत शोधत समोरच्या तुर्की किनाऱ्याला लागला. पहिल्या वेळेला तुर्कांनी चहा पाजून परत पाठवला. दुसऱ्या वेळेला बोट तेवढी आली." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "बोट दाराशी असेल तर मी जाणारच. मला माहीत आहे मी कसा आहे. म्हणून नकोच ती."

आता मला काय व्हावं? पेलागिया हे माझ्या सासूचं नाव. सासू गेली, बोट राहिली, आणि दोघींनी मिळून माझा नवरा कधी पुरता माझ्या हाती लागू दिला नाही. आयुष्यभर मी म्हणत आले, विक ती, जाळ ती, माणसात ये. आणि आता तो फोडतो म्हणाला तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच गेली. मी त्याला वाटेल ते बोलले. भित्रा म्हणाले. बेअक्कल म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःचीच जीभ चावली. त्याने उठून पेले स्वतः धुतले, प्रत्येक पेला दोनदा. पहिल्यांदा धुतलेला आठवत नसावा, असं मला वाटलं. मीसुद्धा तसंच बघायला लागले होते त्याच्याकडे.

तो बाहेर गेल्यावर मी पत्र काढून उघडलं. पेन्शनचा त्यात शब्दही नव्हता. लिहिलं होतं की आपला अर्ज मंजूर झाला आहे, विचार बदलल्यास पंधरा दिवसांत कळवावं. पंधरा दिवस होऊन गेले होते.

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला वाटलं की माझंच डोकं चाललंय. मग पेन्शन कापणारं पत्र कुठे आहे? प्रोग्रामर झाला त्याचं काय झालं? कुणी विचारत कसं नाही?

चार दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होते. एक ठरवलं, आधी डॉक्टर. मितिलिनीच्या इस्पितळात मेंदूचे डॉक्टर बसतात, पण वेळ घ्यायची ती फोनवरून, कोड मागवून. ते मला जमणार नव्हतं. गुरुवारी सकाळी स्त्रातिस बोटीतलं सामान काढायला खाली धक्क्यावर गेला. जाताना त्याने मला चल म्हटलं नाही. त्याने फोन टेबलावरच ठेवला होता, हल्ली तो त्याला हात लावायलाही घाबरायचा. मी फोन उचलला, बेकरीच्या गाडीत बसले आणि कुंबारोसला म्हटलं, मला वर सेवा केंद्राशी सोड.

केंद्रात राल्लू बसते. हुशार मुलगी, बोटं शिंप्यासारखी चालतात. तिने इस्पितळाचं पान उघडलं, सगळं भरलं, कोड मागवला. कोड आला, ती मेसेज बघायला गेली, परत आली, तर पान कोरं. ती म्हणाली, असं कसं. पुन्हा भरलं, पुन्हा कोरं. तिसऱ्यांदा तिने जीभ दातांत धरली आणि फोन उलटासुलटा करून बघितला.

"मावशी, हा फोन कुणी हाताळलाय?"

"का गं?"

"मी इथून बाहेर पडले की हा सगळं पुसून टाकतोय. मीच वेडी होईन आता."

मी टेबलाची कड धरली. ती सेटिंगमध्ये शिरली, खाली खाली गेली. "हे बघा. प्रोग्रामर लोकांची छुपी सेटिंगं उघडी आहेत. आणि त्यातलं हे चालू आहे. तुम्ही एका कामातून दुसऱ्याकडे वळलात की पहिलं जागच्या जागी मारायचं, असा हुकूम आहे हा. आपण केलेल्या गोष्टी किती टिकतात ते तपासायला त्या लोकांना लागतं. आपल्यासारख्याने चालू केलं तर हातात काही राहायचं नाही. अर्धा मेसेज, अर्धा फॉर्म, अर्धा खेळ, सगळं जातं." तिने एक बोट फिरवलं. "झालं बंद."

मग तिने पुन्हा सगळं भरलं, कोड बघून आली, आणि पान जसंच्या तसं होतं. स्त्रातिसचं नाव, जन्मतारीख, सगळं.

मी विचारलं, आणि तो प्रोग्रामर झाला त्याची नोंद? राल्लूला आधी कळेचना. कळल्यावर ती तोंडावर हात ठेवून हसली. म्हणाली, मावशी, जो सात वेळा बोट मारेल त्याला फोन हेच सांगतो, ते कुठल्याही कचेरीत जात नाही, फोनबाहेरच जात नाही. मी म्हटलं, कुठेही नाही? ती म्हणाली, कुठेही नाही.

म्हणजे अडीच महिने मी ज्याला भीत होते ते काहीच नव्हतं, आणि जे नीटनेटकेपणा म्हणून केलं त्याने माझा नवरा खाल्ला होता. मी राल्लूला म्हटलं, बाई, बंदर कचेरीला फोन लाव, बोट थांबव. तिने लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलत होता, पण तिचा चेहरा उतरत गेला. परवाना सोमवारीच रद्द झाला होता. बोटीचा नंबर यादीतून काढला होता. मुदतीत कुणी काही कळवलं नव्हतं. मशीन नऊपासून धक्क्यावर उभं होतं.

कुंबारोसने गाडी अशी हाणली की मागे पावांचे ट्रे कोसळले. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे त्याने मला खरंच आधी लिहिलं होतं." आणि नाक पुसलं.

धक्क्यावर पेलागिया कोरड्यावर ओढून ठेवली होती. पाण्याबाहेर ती होती त्यापेक्षा मोठी दिसत होती आणि म्हातारी. पिवळं मशीन पंजा वर करून उभं होतं. बंदर कचेरीचे दोघे, चार कोळी, आणि अर्थातच मारिआन्थी. स्त्रातिसच्या पायाशी एक खोकं होतं, त्यात कंदील, जाळी विणायची सुई, आईचा फोटो. मी चालकाला हाताने इंजिन बंद करायला सांगितलं. का कोण जाणे, त्याने केलं.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. फोन, सात वेळा, ती ओळ, तसबिरीमागचं पत्र. काही वगळलं नाही. मारिआन्थीकडे एकदाही बघितलं नाही. स्त्रातिस ऐकत होता, पण त्याला उमगेचना.

"यादी मी लिहिली होती?"

"लिहिली होतीस. फोनने पुसली."

"पत्र?"

"मी लपवलं. तुझ्यात काही बिघाड नाही, स्त्रातिस. बिघाड मी केला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं मारतो की काय, त्याने आयुष्यात हात उचलला नाही तरी. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. इतका मोठ्याने की धक्क्यावरच्या मांजरी पळाल्या. बंदर कचेरीच्या थोरल्याने खाकरून हातातला कागद वाचला, की परवान्याशिवायची बोट आता परत पाण्यात जाऊ शकत नाही, आजची तारीख आहे, त्याच्या हातात काही नाही. बिचाऱ्याला मान वर करवेना. स्त्रातिस हसतच म्हणाला, तुमचा दोष नाही साहेब, चालू द्या.

मशीन चालू झालं. पहिला पंजा पुढच्या बाजूला बसला आणि स्त्रातिस बोलायला लागला. ही फळी सत्त्याऐंशीची, पेरामाच्या कारागिराने बसवली, त्या दिवशी त्याला मुलगी झाली होती. हा वासा तुतीचा, इग्नातिसच्या बापाच्या अंगणातला. ह्या खिळ्याने माझं बोट फाडलं होतं, पाच मे, मंगळवार. एकेक फळी मोडत होती आणि तो एकेकीचं सांगत होता, घाईघाईने, कुणी अडवायच्या आत, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडाने हसतोय. कोळी एकमेकांकडे बघायला लागले. मारिआन्थीने क्रूस काढला आणि शेजारच्याच्या कानात म्हणाली की गेला बिचारा, पुरता गेला. मला ते ऐकू आलं. तिला काय सांगणार मी.

मी त्याचा हात धरला. तो थांबला नाही. मशीन मागच्या बाजूला आलं तेव्हा त्याने माझा हात घट्ट दाबला आणि बोट दाखवलं.

"त्या फळीवर तू बसली होतीस. लग्नानंतरचा दुसरा रविवार. डोक्याला पिवळा रुमाल होता. आईने दिलेलं सगळं तू पाण्यात ओकलीस आणि म्हणालीस, परत कधी नेऊ नकोस. मी कधी नेलं नाही. आठवतं?"

मी आठवून बघितलं. समुद्र आठवला, उलटी आठवली. रुमाल कुठल्या रंगाचा होता, होता तरी की नव्हता, काही केल्या आठवेना.

"आठवतं," मी म्हटलं. "पिवळाच होता."